टाळी कधी वाजवायची, आणि सम शोधायची कुठं?

गेल्या महिन्यात कोल्हापुरात एका संध्याकाळी पियानोचा कार्यक्रम झाला. स्वतःच्या रचना स्वतःच वाजवणारा एक वादक, स्टेजवर तो आणि त्याचा पियानो, बास. तबला नाही, गाणं नाही, निवेदन नाही. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता तरी हॉल पाऊण भरला होता, आणि त्यानंतर या सदराकडं पियानोवरची इतकी पत्रं आलीत की या महिन्यात दुसरा विषय घेतच नाही. मीही त्या दिवशी चौथ्या रांगेत बसले होते, त्यामुळं तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं डोळ्यासमोर आहे. पत्रं जरा कापून-छाटून घेतलीत, राग मानू नका.

ताई, माझं वय एकाहत्तर. चाळीस वर्षं देवल क्लबात गाणं ऐकतोय, त्यामुळं कान कच्चा आहे असं कुणी म्हणणार नाही. नातीनं तिकीट काढलं म्हणून गेलो. दीड तास बसलो. कंटाळा आला असं नाही, पण हाताला काही लागलं नाही बघा. राग कुठला ते कळेना, ताल दिसेना, सम कुठं येती ते समजेना, डाव्या हातानं तेच तेच चार सूर दहा मिनिटं फिरवत होता, मी मनात म्हटलं आता काहीतरी होईल, आता होईल, आणि तेवढ्यात संपलंच. नात म्हणती आजोबा तुम्ही राग शोधत बसलात म्हणून असं झालं. मग शोधायचं काय ते तरी सांगा.
— निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "हाताला काही लागलं नाही" हे तुम्ही फार खरं लिहिलंय आणि इथल्या पुष्कळ जाणत्या लोकांचं तसंच झालं असणार, कारण आपला कान कसा घडलाय ते बघा की. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं होते, त्यांची गायकी या गावानं समोर बसून ऐकलीय, तुमच्या आधीच्या पिढीनं ती तुम्हाला ऐकायला शिकवली. त्या गायकीत प्रत्येक आवर्तन भरत भरत, लय अंगावर घेत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं असतं. असा कान समेची वाट बघणारच. ती वाट बघणं सोडून द्या असं मी अजिबात सांगणार नाही, उलट तेच तुमचं भांडवल आहे, फक्त वाट कशाची बघायची ते थोडं बदलायला लागतं.

आधी हे लक्षात घ्या की पियानोचा सूर मरतो. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर जिवंत असतो, गवयाचा सूर दम आहे तोवर, सारंगीचा गज फिरतोय तोवर. पियानोत मात्र पट्टी दाबली की आत फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा हातोडा तारेवर पडतो आणि लगेच मागं येतो, आणि त्या क्षणापासून सूर उतरणीलाच लागतो. वादकानं पट्टी कितीही घट्ट धरून ठेवली तरी तो सूर पुन्हा फुगवता येत नाही. खर्जातले सूर बराच वेळ रेंगाळतात, वरच्या सप्तकातले चटकन विझतात. पूर्वीचे रचनाकार यावर भरपूर सूर वापरून मात करायचे, एक विझायच्या आत दुसरा. आजचे बरेच जण उलट करतात, सूर विझताना ऐकू येईल एवढी जागा मोकळी ठेवतात. तिसरी रचना आठवा, त्यानं अगदी खालचा एक सूर वाजवला आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, पाय तेवढा पेडलवर. सूर जात राहिला, जात राहिला, मग छपरावरचा पाऊस ऐकू यायला लागला, आणि सूर नेमका कुठं संपला आणि पाऊस कुठं सुरू झाला ते मला सांगता आलं नसतं. माझ्यासाठी अख्ख्या संध्याकाळीत तेवढं एक मिनिट सगळ्यात मोठं होतं. तुम्ही त्या वेळी "आता काहीतरी होईल" म्हणून थांबला होता ना, ते होतच होतं सर.

आता पेडलचं. पियानोला ८८ पट्ट्या आणि साधारण २३० तारा असतात, वरच्या सुरांना तर एकेका पट्टीला तीन-तीन तारा. प्रत्येक पट्टीच्या तारांवर एक फेल्टची गादी बसलेली असते, ती तारा थांबवते (अगदी टोकाच्या वरच्या तारांना गादी नसते, त्या तशाही लगेच विझतात). उजवा पेडल दाबला की सगळ्या गाद्या एकदम वर उठतात आणि मग तुम्ही एक पट्टी दाबली तरी तिच्याशी नातं असलेल्या बाकीच्या तारा आपोआप गुंजायला लागतात. सतारीला तरफेच्या तारा असतात की नाही, अगदी तसं. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तुम्ही गेला असाल, तिथं नुसतं एकानं तार छेडली की भिंतीला टांगलेल्या बाकीच्या सतारी कुजबुजतात, तो आवाज डोक्यात ठेवून पियानोचा पेडल ऐका. त्या वादकानं जवळजवळ सगळा कार्यक्रम पेडल अर्धा-पाऊण दाबूनच वाजवला, म्हणजे एका अर्थी तानपुरा त्याच्या पायात होता.

आणि आता तुमची मुख्य तक्रार, तेच तेच चार सूर. यासाठी मी त्यानं मधे वाजवलेली एकच परकी रचना घेते, आर्वो पार्ट या एस्टोनियाच्या रचनाकाराची 'फ्यूर आलीना', १९७६ ची. हा माणूस त्याआधी जवळपास आठ वर्षं फारसं काही न लिहिता जुनं चर्चमधलं गाणं अभ्यासत बसला होता आणि मग ही दोन-तीन मिनिटांची एवढीशी रचना घेऊन बाहेर आला. पांढरी सातला सा धरा. सुरुवातीला तळातला सा लागतो आणि तो तसाच गुंजत राहतो. त्यानंतर उजवा हात एक साधी चाल म्हणतो आणि डावा हात तिच्या जवळजवळ प्रत्येक सुराला सा, कोमल ग आणि प या तिघांतलाच एक सूर देतो, घंटा वाजावी तसा. पहिल्या ओळीत दोन सूर, पुढच्या ओळीत तीन, मग चार, असे एकेक वाढत जातात आणि पुरेसे वाढले की तसेच एकेक कमी होत येतात. ताल लिहिलेलाच नाही, किती थांबायचं ते वाजवणाऱ्यावर सोडलंय. सर, एकेक सूर वाढवत नेणं याला आपल्याकडं शब्द आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहिती आहे. बढत! फक्त इथं ती आधी ठरवून, मोजून, कागदावर केलेली आहे.

तेच तेच फिरवण्याची जी दुसरी पद्धत तुम्ही ऐकली, डाव्या हाताची चक्की, तिचं मूळ तर आपल्या आणखी जवळ आहे. फिलिप ग्लास हा अमेरिकन रचनाकार १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकत असताना पंडित रविशंकरांचं एका चित्रपटाचं संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी नोटेशनमध्ये उतरवायचं काम त्याच्याकडं आलं. तिथं त्याची आणि तबलावादक अल्लारखाँची गाठ पडली आणि लय म्हणजे मोठ्या मापाचे तुकडे पाडणं एवढंच नसतं, दोन-तीनचे छोटे छोटे गट एकापुढं एक जोडत मोठं चक्र बांधता येतं, हे त्याला तिथं उमगलं. पुढं त्यानं गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावर 'सत्याग्रह' नावाचा ऑपेरा लिहिला, १९८० मध्ये रॉटरडॅमला झाला, आणि त्यातले गायक संस्कृतमध्ये गीतेचे श्लोक गातात. त्याचे पियानोसाठीचे वीस एट्यूड आहेत, म्हणजे अभ्यासासाठीचे तुकडे, पण मैफलीतही वाजतात. आपल्या त्या संध्याकाळच्या वादकाची चक्की याच गिरणीतली आहे.

ती ऐकायची कशी? डाव्या हाताची करंगळी ऐका. म्हणजे सगळ्यात खालचा सूर. वर चार सूर तेच फिरत असतात आणि खालचा एक सूर बदलला की तेच चार सूर एकदम वेगळ्या रंगाचे होतात. घरी पेटी असेल तर करून बघा, मधल्या सप्तकात सा आणि शुद्ध ग धरून ठेवा आणि खाली मंद्र सा लावा, उजेड पडल्यासारखं वाटतं. आता वरचे दोन्ही सूर तसेच ठेवून खालचा सा सोडा आणि मंद्रातला शुद्ध ध लावा. संध्याकाळ झाली ना? वरचं काहीही हललेलं नाही. या संगीतात खालचा सूर बदलतो ती सम समजा, ती आठ मात्रांनी येईल, पस्तीस मात्रांनी येईल, कधी दोन मिनिटं येणारच नाही, पण येते तेव्हा तुमच्या कानाला कळतेच, कारण तो कान त्यासाठीच घडलाय.

हे सगळं सांगितलं तरी सगळं काही ग्रेट होतं असं मी म्हणणार नाही. पाचवी रचना मलाही लांबल्यासारखी वाटली, करंगळी हलायला पाहिजे होती तिथं हलली नाही. हल्ली झोपेसाठी, अभ्यासासाठी म्हणून मोबाईलवर जे तासन्‌तासाचं मऊ मऊ पियानो मिळतं त्यातलं बरंचसं पातळ असतं आणि अशा संगीतात चांगलं कुठलं, पातळ कुठलं हे ओळखायला तुमच्यासारख्या कानाची गरज आहे. म्हणून नातीबरोबर पुन्हा जा सर. ती तुम्हाला घेऊन गेली हे मला फार आवडलं.

मॅडम मी बीएस्सीला आहे. एक पीस संपला असं वाटून मी जोरात टाळ्या वाजवल्या आणि सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला, तो वाजवणारा पण थांबला एक सेकंद. लय लाज वाटली. टाळी कधी वाजवायची याचा काही नियम आहे का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

अरे, तू होतास होय तो! मी बघितलं, आणि खरं सांगू का, तो वादक तुझ्याकडं बघून हसला होता, ते तुला मान खाली घातल्यामुळं दिसलं नसेल.

मोठी रचना असेल तर तिचे तीन-चार भाग असतात आणि मधल्या थांब्यात टाळ्या न वाजवता शेवटी एकदम वाजवायच्या असा हल्लीचा रिवाज आहे. हा रिवाज काही फार जुना नाही. मोत्सार्टनं १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय, त्यात तो खुशीत सांगतो की माझ्या सिम्फनीच्या पहिल्या भागात एक जागा होती, ती लोकांना आवडणार हे मला माहितीच होतं आणि तिथं मधेच टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला त्याचा राग आलेला नव्हता, त्यानं ती जागा त्यासाठीच केली होती. आपल्याकडं तर जागा आली की "क्या बात है" म्हणणं हा गाणाऱ्याचा मानच आहे.

पण या प्रकारच्या संगीतात एक अडचण आहे. वर सरांना लिहिलं तसं सूर विझणं हाच रचनेचा भाग असतो, म्हणजे हातोडा थांबला तरी रचना चालूच असते. म्हणून कानावर नको, त्याच्या हातावर आणि पायावर लक्ष ठेव. हात पट्ट्यांवरून उचलले, पाय पेडलवरून काढला, खांदे सैल पडले आणि त्यानं आपल्याकडं बघितलं की मग वाजव, जेवढ्या जोरात पाहिजे तेवढ्या. त्या दिवशी दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांचा फोन वाजला आणि ते तिथंच "हां बोल, कार्यक्रमात आहे" म्हणून बोलले, त्याचा मला खरा त्रास झाला. तुझ्या टाळीचा नाही.

नमस्कार ताई. मी गेली वीस वर्षं आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. पियानो पहिल्यांदाच समोर ऐकला. दोन शंका आहेत. एक म्हणजे मला काही ठिकाणी गंधार चढा लागल्यासारखा वाटला, एवढा महागाचा पियानो, दुपारभर ट्यूनिंग चालू होतं म्हणे, तरी असं कसं? आणि दुसरं, या वयात, आता पंचेचाळीस चालू आहे, पेटीवाल्या माणसाला पियानो जमेल का? मींड नाही, गमक नाही, मग त्यावर आपलं काय वाजणार असंही वाटतं.
— एक पेटीवादक, कागल

दादा, तुमचा कान एकदम बरोबर आहे! गंधार चढाच असतो. पियानोची जुळणी समान अंतराची असते, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले, प्रत्येक तुकडा १०० सेंट (सेंट म्हणजे दोन सुरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळं शुद्ध गंधार येतो ४०० वर. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो असतो ३८६ च्या आसपास. म्हणजे पियानोचा गंधार १४ सेंटनं चढा, आणि हा बिघाड नाही, बाराही सुरांना सा मानून वाजवता यावं म्हणून केलेली तडजोड आहे. तुमची पेटी जर खास श्रुतींची जुळवून घेतलेली नसेल तर तिच्यातही हीच तडजोड आहे, फक्त तिथं कानाला सवय झालीय. याच भांडणापायी आकाशवाणीनं १९४० पासून पुढं तीसेक वर्षं पेटीला बंदी घातली होती, आणि त्याच काळात आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटीवर काय काय करून गेले होते ते सगळ्यांना माहिती होतं. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात तयार झाला त्याचं संगीत त्यांचं. स्वतः वादक आणि स्वतःच रचनाकार, असा माणूस या गावाला नवीन नाही एवढंच मला म्हणायचंय.

ही तडजोड ज्यांना सोसली नाही असे पियानोवालेही झाले. अमेरिकेतले ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे दोघं रचनाकार १९७० च्या सुमाराला पंडित प्राणनाथांचे गंडाबंध शिष्यासारखे शिष्य झाले, किराणा घराण्याचं गाणं वर्षानुवर्षं बसून शिकले. किराणा म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं, आणि खाँसाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात राहिले कुठं, तर मिरजेत. यंगनं पियानोच्या तारा शुद्ध अंतरांत नव्यानं जुळवून त्यावर पाच-पाच तास चालणारी एक रचना वाजवली, रायलीनंही तशाच शुद्ध जुळणीच्या पियानोवर वाजवलंय. रायलीचं मिळालं तर रात्री दिवा घालवून ऐका, गंधार ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

मींडीचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं, म्हणाल तर ती पियानोवर होत नाही, होणारही नाही, आणि ती करायचा आव आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याकडं जे आहे ते वापरावं. पियानोचं मूळ नावच 'पियानोफोर्टे', हळू-जोरात असं. इटलीत क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमाराला हे वाद्य बनवलं ते याच्यासाठी, की बोटाच्या दाबानं सूर लहान-मोठा करता यावा. तुमच्या पेटीत जोर भात्यात असतो, सगळ्या सुरांना एकच. पियानोत प्रत्येक बोटाला वेगळा जोर देता येतो, म्हणजे पाच सूर एकदम वाजवले तरी त्यातला एकच पुढं काढता येतो. हे शिकायला तुम्हाला सहा महिने त्रास होईल, बोटं पेटीच्या सवयीनं नुसती सरकतील, वजन पडणार नाही. आणि डावा हात! तो वीस वर्षं भात्यावर होता, त्याला पहिल्यांदाच सूर सांभाळायला लागणार. रोज वीस मिनिटं फक्त डाव्या हातानं "जय जय रामकृष्ण हरी" वाजवा, उजवा हात मांडीवर. मी पण पेटीवाल्या घरातली आहे, वडील देवळात पेटीला बसायचे, आणि मी असंच सुरू केलं होतं. पंचेचाळीस हे काय वय आहे होय!

मध्यंतरानंतर तो पियानोत वाकून काहीतरी खुडबुड करत होता आणि मग आवाज एकदम घुंगरासारखा, डब्यासारखा यायला लागला. माझे मिस्टर म्हणाले वाद्य बिघडलं. शेजारची मुलगी म्हणाली मुद्दाम केलंय. कोण बरोबर?
— एक वाचक, नागाळा पार्क

वहिनी, मुलगी बरोबर. तारांच्या मधे स्क्रू, रबराचे तुकडे, फेल्टच्या पट्ट्या असं मोजून-मापून बसवतात, कुठली वस्तू कुठल्या तारेत किती अंतरावर ते लिहिलेलं असतं. याला तयार केलेला पियानो म्हणतात आणि तो गाजवला जॉन केज या अमेरिकन रचनाकारानं. त्याची यासाठीची सगळ्यात मोठी रचना १९४६ ते ४८ मधली, 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स', आणि तिच्यामागं आपला रसविचार आहे, नवरस! गीता साराभाई नावाच्या आपल्या एक संगीत शिकणाऱ्या बाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या, त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवलं आणि बदल्यात त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं, पैशाचा व्यवहारच नाही. संगीत कशासाठी असतं असं केजनं विचारलं तेव्हा मन शांत करून ते ईश्वरी प्रभावासाठी मोकळं करायला, असं त्यांच्या गुरूंचं उत्तर त्यांनी सांगितलं, आणि ते तो आयुष्यभर सांगत राहिला.

याच जातीची एक सौम्य गोष्ट आहे. निल्स फ्राम हा जर्मन वादक बर्लिनमध्ये रात्री वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यानं हातोडे आणि तारांच्या मधे जाड फेल्ट घातलं, तर आवाज असा कानात कुजबुजल्यासारखा आला की त्यानं त्याच आवाजात २०११ मध्ये अख्खा अल्बम केला. पियानो दिनही त्यानंच सुरू केला, २०१५ पासून, वर्षातल्या ८८ व्या दिवशी, पट्ट्या ८८ म्हणून. बहुतेक वर्षी तो २९ मार्चला येतो.

घरी पियानो असेल तर स्वतः मात्र काही घालू नका हं, तारांचा एकत्रित ताण टनांत असतो, वीस टनांच्या घरात जातो.

मुलगी दहा वर्षांची. कार्यक्रम बघून आल्यापासून मला कंपोजर व्हायचंय म्हणून मागं लागलीय. एका ओळखीच्यांकडं जुना पियानो स्वस्तात मिळतोय, घ्यावा का कीबोर्ड घ्यावा? क्लास लावला तर परीक्षांच्या मागं लागतात असं ऐकलं. आणि कंपोजर व्हायला आधी काय शिकवायचं?
— एक आई, रुईकर कॉलनी

जुना पियानो ट्यूनर दाखवल्याशिवाय घेऊ नका. इथल्या एका शाळेत (नाव नको) एक छान पियानो होता, बारा वर्षं त्यावर कुंड्या ठेवल्या होत्या, पाणी मुरून आतली लाकडी पाटी फुटली, मी बघायला गेले तेव्हा वाजत होत्या फक्त एकोणीस पट्ट्या. रडू आलं मला तिथं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पाटी फुगते, सूर चढतो, आणि उन्हाळ्यात पुन्हा उतरतो, म्हणून वर्षातून निदान दोनदा जुळवायला लागतो आणि ट्यूनर बाहेरगावाहून येतो, तो खर्च आधी धरा. त्या दिवशी सुद्धा दुपारी एकदा जुळवला आणि लोक येऊन बसायच्या आधी पुन्हा एकदा, मी लवकर गेले होते म्हणून बघायला मिळालं. तीन तारांतल्या दोन फेल्टच्या पाचरीनं बंद करून ट्यूनर एकेक ऐकत होता, दोन तारा जरा जरी वेगळ्या असल्या की आवाजात लाटा येतात, त्या लाटा संथ होत होत थांबल्या की झालं. पोरीला कधीतरी हे दाखवा, तिला कार्यक्रमापेक्षा जास्त आवडेल.

कीबोर्ड घ्यायचा तर ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्टीचा डिजिटल पियानो घ्या, पेडलसकट. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड, ज्यात ताल आपोआप वाजतो, तो गाण्यांना ठीक आहे पण त्यावर बोटांना दाब कळत नाही आणि तिला जे ऐकून वेड लागलंय ते सगळं दाबातच आहे.

परीक्षा वाईट नसतात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेड एक ते आठ असतात, त्यामुळं नोटेशन वाचायला येतं आणि शिस्त लागते. पण वर्षभर तीनच तुकडे घासून घेणारा क्लास असेल तर तिथून काढा. पोरगी आठवड्यात एखादं नवीन काहीतरी चुकत-माकत वाचते का, एवढं बघा. आणि गाणं सोडू नका. आपल्या गावात गाण्याचे चांगले गुरू आहेत, पियानोला मींड येत नाही म्हणून तरी तिच्या गळ्यात ती असू दे, पुढं जे लिहील त्यात ती कुठून तरी येईल.

कंपोजर व्हायला आधी काय, तर आजच सुरू करता येईल असं सांगते. तिला पाच सूर द्या, फक्त पाच, आणि सांग म्हणावं काहीतरी. जे सांगेल ते तिला तिच्याच खुणांनी कागदावर काढू दे, रेघा, ठिपके, चित्रं, काय पाहिजे ते. दुसऱ्या दिवशी तो कागद बघून तिनं तेच पुन्हा वाजवायचं. जमलं नाही तर खुणा कुठं कमी पडल्या ते तिचं तिलाच कळेल आणि ती बदलेल, नोटेशन कशासाठी असतं ते त्यातून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही. आपण मधे बोलायचं नाही. आणि कागद जपून ठेवा, तारीख घालून. पुढच्या पावसाळ्यात मला त्यातले दोन-तीन पाठवा, मला बघायचेत.